चौफड: निकालाची वाट पाहतानाच्या प्रकल्प नोंदी

२७ फेब्रुवारी २०२५

टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळासाठी काल्पनिक जग मागवणारी एक स्पर्धा आहे. तिच्यात आमच्या 'चौफड'ची प्रवेशिका गेली, पोच आली. पहिल्या फेरीत काल्पनिक जगाची मांडणी एका पानात मागितली होती. निकाल मार्चअखेर. निवड झाली तर दहा पानांचा आराखडा तीन आठवड्यांत द्यायचा आहे. तीन आठवड्यांत दहा पानं लिहून होतात, पण खेळवून तपासून होत नाहीत. म्हणून खेळवायचं काम निकालाआधीच उरकायचं.

पाठवलेली पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून फाइल फक्त वाचण्यापुरती केली आणि तिची शा-२५६ बेरीज (फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी बदलणारा तपासणीचा आकडा) वहीत लिहिली. पुढे नियम बदलत जातात आणि परीक्षकांनी नेमकं काय वाचलंय हे कोणालाच धड आठवत नाही. दहा पानं त्या एका पानाशी भांडायला लागली की परीक्षकाच्या डोळ्यांत तेच आधी खुपतं. बदलाच्या प्रत्येक नोंदीपुढे 'पानाशी जुळतं' किंवा 'पानाबाहेरचं' असं लिहायचं. तिसरा शेरा नाही.

वेळेचं गणित एकदाच मांडून ठेवलं. मुदती अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेत आहेत. तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १:२९. ९ मार्चला त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, त्यानंतर १२:२९. 'आज शेवटचा दिवस' असं वाचून मध्यरात्री घाई करायची गरज नसते, पण दुपारी भारनियमन आलं तर तोच तास जातो. फाइल आदल्या संध्याकाळीच चढवायची. आयोजकांचा ईमेल पत्ता संपर्कयादीत टाकला, नाहीतर निवडीचं पत्र स्पॅममध्ये पडून राहतं.

५ मार्च

जग थोडक्यात, टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी. उत्तरेला सात घड्यांचा डोंगर, दक्षिणेला बुटकी रांग, मधून मावळतीकडे वाहणारी नदी. नदीला मिळणाऱ्या ओढ्यांवर बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याखाली चार फड, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे चार भाग. राजा लांब आहे आणि कोणाला फारसा लागतही नाही. सत्ता पाण्याच्या पाळीत आहे.

पाया पांझरा खोऱ्यातल्या फड पद्धतीचा. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि नाशिककडच्या मोसम, आरम या नद्यांवर ती तीन-चारशे वर्षं चालत आली. बंधारा, कालवा, चारी; एका फडात एकच पीक; कुठला फड भिजवायचा आणि कुठला पडीक ठेवायचा हे पाणी पाहून गावाने ठरवायचं. पाणी सोडणारा पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. काल्पनिक जगात योद्धा, जादूगार, चोर हे तीन साचे सगळेच वापरतात. इथे पात्रांचे वर्ग म्हणून पाटकरी, हवालदार, जागल्या हे तीन ठेवले आणि सत्राला, म्हणजे खेळाच्या एका बैठकीला, एकेक अधिकार दिला. पाटकरी एकदा वाहत्या पाण्याची दिशा बदलू शकतो. हवालदार एकदा कोणालाही पंचासमोर उभं करू शकतो. जागल्याला अंधारात ६० फूट दिसतं आणि तो झोपेत पकडला जात नाही.

गावातल्या चार खेळाडूंचे चार फड. फिरण्याचा क्रम ठरलेला: पडीक, मग ऊस, मग रब्बी, पुन्हा रब्बी, पुन्हा पडीक.

१२ मार्च

नकाशा. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणकप्रणालीत एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेली) सुमारे ३० मीटरची उंचीमाहिती घेऊन सातपुडा आणि अजिंठा रांगेमधला पट्टा उचलला. खऱ्या खान्देशाचा नकाशा जसाच्या तसा वापरायचा नाही. भुसावळ कुठे, अमळनेर कुठे, हे खेळाडू शोधत बसतात आणि खेळ थांबतो. पट्टा तिरका फिरवला, उंची दीडपट केली, मग खळगे भरण्याची पायरी चालवून नदीजाळं काढलं. ही पायरी सोडली तर माहितीतल्या बारीक खड्ड्यांत नद्या मध्येच संपतात.

हाताने काढलेल्या काल्पनिक नकाशांत नदीचीच गफलत सर्वांत जास्त दिसते. नद्या खाली जाताना एकत्र येतात. फुटतात ते मुखापाशी किंवा बेटाभोवती. डोंगर ओलांडून जाणारी किंवा दोन समुद्रांना मिळणारी नदी परीक्षक लगेच हेरतात. जाळं संगणकाने उंचीवरून काढलं की हा प्रश्न उरत नाही.

डोंगरांची छाया टाकताना प्रकाश वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांवरून. आग्नेयेकडून टाकला तर डोळा फसतो आणि डोंगराची दरी दिसते. आपल्या अक्षांशावर वायव्येकडून सूर्य असा कधी चमकत नाही ही गोष्ट वेगळी, पण नकाशा वाचणाऱ्याची सवय तशीच आहे.

चाल मोजायला नकाशावर षटकोनी घरं आखली. षटकोनाची रुंदी १५ मिलिमीटर, आणि एक षटकोन म्हणजे २ कोस, साधारण ६ किलोमीटर. ए-३ आडव्या कागदावर २६ स्तंभ आणि २० ओळी बसतात, एकूण ५२० घरं. अर्ध्या घराची सरक धरून रुंदी ३९७.५ मिलिमीटर होते, म्हणजे दोन्ही बाजूंना ११-११ मिलिमीटर समास राहतो. सपाटीवर दिवसाला ४ घरं, नदीकाठच्या घळींत २. पावसाळ्यात काळ्या जमिनीवर १, आणि बैलगाडी असेल तर शून्य. काळी माती भिजली की चाकाला बिलगते, दोन-चार फेऱ्यांत चाक आणि साटा यांच्यात चिखल ठासून बसतो. हा नियम शहरात वाढलेल्या खेळाडूंना जाचक वाटतो. चोपडा, यावलकडचे त्यावर वाद घालत नाहीत.

डोंगराच्या पायथ्याचा पट्टा वेगळ्या रंगात घेतला. यावल, रावेरच्या वरच्या अंगाला गाळ-गोट्यांचा जाड थर आहे, सातपुड्यातून उतरलेलं पाणी तिथे जमिनीत मुरतं. ओढे कोरडे आणि विहिरी खोल. जगातही तसंच: त्या पट्ट्यात नकाशावर ओढ्याची रेघ आहे, पण तुटक.

२१ मार्च

जळगावात छपाई. ३०० डीपीआयला ए-३ म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली चमकतं आणि घरांचे आकडे वाचता येत नाहीत. दुकानातला संगणक 'पानात बसवा' हा पर्याय आपोआप निवडून ठेवतो आणि नकाशा दोन-तीन टक्के आक्रसतो. मग २६ घरांच्या शेवटी सोंगट्या घराबाहेर लोंबतात. नकाशाच्या कडेला १०० मिलिमीटरची पट्टी छापली आहे. पहिली प्रत हातात आली की फूटपट्टी लावायची, मगच बाकीच्या काढायच्या.

पाण्याची मापं म्हणून चिंचोके. हिशोबाला २५ लागतात, ३० ठेवावेत, एखाद-दुसरा सतरंजीखाली जातोच. प्लास्टिकच्या गोल चकत्याही चालल्या असत्या, पण चिंचोका बोटांना ओळखीचा आहे आणि कूलरच्या वाऱ्याने उडत नाही.

२९ मार्च

धुळ्याच्या टेबलावर, म्हणजे तिथल्या खेळगटात, पाण्याचा पहिला नियम खेळवला. मांडणी अशी होती: कार्तिक ते ज्येष्ठ हे आठ महिने, दर महिन्याला प्रत्येक फडासाठी एक सहाबाजूंचा फासा, १ पडला तर गळती, एक माप गेलं.

आठ महिने गुणिले चार फड म्हणजे वर्षाला ३२ फेका. नुसता वेळखाऊपणा असता तर चालवून घेतला असता. खरी अडचण फाशांच्या संख्येत आहे. ३२ फेकांत सरासरी सव्वापाच गळत्या होतात आणि फेका जितक्या जास्त तितकी बेरीज त्या सरासरीलाच धरून राहते. खेळाडूंनी दुसऱ्या वर्षापासून पाच मापं बाजूला काढून ठेवली आणि दुष्काळ संपला. फासा भरपूर वेळा टाकला की नशीब पगारदार होतं.

नवा नियम: पावसाळा संपला की सगळ्या गावासाठी एकदाच दोन फासे. बेरीज अधिक १३ एवढी मापं बंधाऱ्यात. म्हणजे कमीत कमी १५, जास्तीत जास्त २५, सरासरी २०.

मागणी अशी. उसाला कार्तिक ते माघ महिन्याला १ माप, फाल्गुन ते ज्येष्ठ महिन्याला २, मिळून १२. रब्बीच्या दोन फडांना कार्तिक ते माघ महिन्याला एकेक, म्हणजे ४ आणि ४. पडीक फडाला काही नाही. एकूण २०.

फाशांची बेरीज ६ किंवा कमी आली तर तूट. ३६ पैकी १५ शक्यता, म्हणजे ४१.७ टक्के. पाच वर्षांत दोनदा ओरड होणार. मोठी तूट, ४-५ मापांची, ३६ पैकी फक्त ३ वेळा. दुष्काळ इतकाच दुर्मिळ हवा. दरवर्षी आला तर त्याचीही सवय होते.

२ एप्रिल

निकाल लांबला. पत्रात 'प्रवेशिका अपेक्षेहून जास्त' असं कारण आहे, नवी तारीख एप्रिलचा दुसरा पंधरवडा. हे कारण खोटं असण्याची गरज नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका-खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००२ साली अशीच जगशोध स्पर्धा घेतली तेव्हा अकरा हजारांवर एकपानी मांडण्या आल्या होत्या. त्यातून ११ जणांकडून दहा-दहा पानं, मग तिघांकडून सव्वाशे पानांचा ग्रंथ, आणि शेवटी एक: कीथ बेकर यांचं एबेरॉन, जे २००४ साली पुस्तकरूपात आलं. पहिल्या चाळणीत हजारात एक राहिला. एका पानावर परीक्षकाचे किती क्षण पडत असतील याचा अंदाज यावरून करावा. पहिल्या तीन ओळींत जगाचा झगडा दिसला नाही तर चौथी ओळ कोणी वाचत नाही. इतिहास, वंशावळी, देवांची नावं यांना पहिल्या पानात जागाच नसते.

त्या स्पर्धेत अंतिम तिघांच्या मांडण्या कंपनीच्या मालकीच्या झाल्या. म्हणून आपल्या नियमावलीतलं हक्कांचं कलम पुन्हा वाचलं. इथे निवड झालेल्या मजकुरावर आयोजकांना 'वापरण्याची परवानगी' आहे, मालकी नाही. परवानगी आणि हस्तांतरण या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं धरलं जातं. करारात 'परदेशी कायदा लागू' असं वाक्य असेल तर या आधारावर विसंबू नये. कल्पनेला संरक्षण नाही, लिहिलेल्या-काढलेल्या रूपाला आहे. 'फडांवर चालणारं जग' ही कल्पना उद्या कोणीही घेऊ शकतो. आपला नकाशा, नियमांचा मजकूर, तक्ते घेऊ शकत नाही.

गटात लिहिणारे, काढणारे, हिशोब करणारे वेगवेगळे आहेत. एका पानाचा साधा करार करून सह्या घेतल्या: कोणाचं काय, बक्षीस आलं तर वाटणी कशी, एखादा मध्येच सोडून गेला तर त्याच्या भागाचं काय. हे निकालाआधीच उरकायचं. निकालानंतर प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसतो.

९ एप्रिल

अमळनेरच्या टेबलावर नवा पाणी-नियम. चालतो, पण एक भोक निघालं. ऊस पूर्ण भिजला तर १० रास पीक, कमी पडलेल्या प्रत्येक मापामागे २ रास वजा. रब्बीचा फड ४ रास, मापामागे १ वजा. तूट आली की हिशोबी टेबल दर वेळी रब्बीच कापतं, कारण तिथे नुकसान निम्मं. मोठ्यात मोठी तूट ५ मापांची, रब्बीची मागणी ८; ऊस कधीच धोक्यात येत नाही. पंचायत बसते, दोन मिनिटांत उठते. भांडण नाही तर खेळ कसला.

उपाय दोरीचा. ज्या फडाचं माप कापलं त्याच्या नावाने गावाच्या दोरीवर एक गाठ. पुढच्या वर्षी गाठींएवढी मापं त्या फडाला आधी, उसाच्याही आधी. आता रब्बी कापणं फुकट राहत नाही. आज उसात असलेला फड पुढच्या वर्षी रब्बीत जाणार आणि त्याच्या समोर देणी उभी राहणार.

दोन गोष्टी लगेच बिघडल्या. एकच वर्ष खेळणाऱ्यांना पुढच्या वर्षाशी देणंघेणं नसतं. म्हणून सुरुवातीलाच दोरीवर ३ गाठी, दोन पहिल्या रब्बीच्या आणि एक दुसऱ्या रब्बीची. दुसरं, गाठी विकता येतात म्हटल्यावर एकाने सगळ्या विकत घेतल्या आणि टेबलावर सावकार तयार झाला. विक्री बंद केली तर दोरी निर्जीव होते. म्हणून विक्री वर्षातून एकदाच, सगळ्यांसमोर.

पडीक फडवाल्याला वर्षभर काम नव्हतं, तो मोबाइल बघत बसायचा. दोरी आता त्याच्या हातात. ज्याला यंदा पाणी घ्यायचं नाही त्याने गाठी माराव्यात. टेबलावर सगळ्यात जास्त मनधरणी त्याची होते. 'मना फडनं पानी कोनी लिन्हं?' (माझ्या फडाचं पाणी कोणी घेतलं?) हा प्रश्न त्याच्याकडेच जातो.

१६ एप्रिल

नावं आणि देव. एका गावात एकाच अक्षराने सुरू होणारी दोन नावं नकोत. सुभान आणि सुदाम दुसऱ्या सत्रात एकच माणूस होतात. मैदानातल्या गावांची नावं अहिराणीच्या वळणावर, पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात लेवा बोलीच्या, डोंगरात पावरी आणि भिली बोलींच्या. तीन पट्टे नकाशावर नुसत्या नावांवरून ओळखू यावेत. डोंगरातली नावं त्या बोली घरात बोलणाऱ्यांना दाखवल्याशिवाय पक्की करायची नाहीत.

जिवंत श्रद्धेतल्या कोणालाही आकडे द्यायचे नाहीत. कानबाई, याहामोगी, अस्तंबा यांची ताकद इतकी आणि बचाव इतका असा तक्ता या प्रकल्पात येणार नाही. सण येतील, रोट येतील, डोंगरावरची यात्रा येईल. देव स्वतः टेबलावर येणार नाहीत.

राक्षसयादीतून 'डाकीण' काढली. सातपुड्यात हा शब्द लावून आजही खऱ्या बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो उगाच नाही. जिला मारल्यावर खेळात गुण मिळतात अशी डाकीण ठेवायची आणि वर 'लोककथेवर आधारित' लिहायचं, हे चालणार नाही. तिच्या जागी आरोपाचा प्रसंग ठेवला: गावाने एका बाईवर ठपका ठेवलाय, विहीर का आटली याचं खरं कारण वरच्या कुंडीत (भुयारी पाण्यावरच्या उभ्या विहिरीत) आहे, खेळाडूंकडे तीन रात्री आहेत. परकीय परीक्षकाला डाकीण जास्त रंगीत वाटली असती. तरी नाही.

तसंच डोंगरातल्या लोकांना 'रानटी जमात, ताकद अधिक २, बुद्धी वजा २' असं काही नाही. आकडे कामावरून मिळतात, जन्मावरून नाहीत.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

एप्रिलचा दुसरा पंधरवडा संपला, निकाल नाही. नवी तारीखही नाही.

पाण्याच्या आणि दोरीच्या नियमांत वर्षअखेर कधी, हे ठरलेलं नव्हतं. ते आखाजीला ठरवलं, कारण खान्देशात सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) साल आखाजीलाच संपतं आणि नवं बोलणं तेव्हाच होतं. माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, पत्त्यांचे डाव पडलेले. सगळा गाव एका जागी असतो. गाठींची विक्री त्याच दिवशी, दोरी पुढच्या हातात जाते तीही त्याच दिवशी.

आणि इथेच प्रकल्पातली सगळ्यात मोठी गोष्ट हाती लागली. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला. ऊस मात्र ज्येष्ठापर्यंत पाणी पितो, महिन्याला २ प्रमाणे ४ मापं. हिशोबाचं साल संपलं, पाण्याचं संपलेलं नाही. जुनी दोरी मिटली, आणि नवी पहिल्या पावसानंतर बांधायची. या दोन महिन्यांत कोणी कोणाचं पाणी घेतलं तरी त्याची गाठ पडत नाही.

मागणाराही आयताच आहे. पडीक फड पुढच्या वर्षी उसात जाणार, त्याला बेणं लावण्याआधी जमीन भिजवायला ज्येष्ठात २ मापं हवीत. हा हक्क दोरीवर नाही. उरलेली मापं ४, मागणी ६. आणि पडीक फडवाला म्हणजे तोच, ज्याने वर्षभर तटस्थपणे दोरी धरली होती.

हे मुद्दाम रचलेलं नाही, दोन खरी वेळापत्रकं एकमेकांवर ठेवली आणि त्यांची टोकं जुळली नाहीत. जुळवून घेण्याचा मोह टाळायचा. 'हिशोब ज्येष्ठअखेर करा' असं एका वाक्यात ही फट बुजते, आणि तिच्याबरोबर जगही जातं. शेरा: पानाशी जुळतं. एका पानात 'गावाचा हिशोब जिथे थांबतो तिथे कथा सुरू होते' एवढं वाक्य आहेच. तेव्हा ते नुसतं वाक्य होतं.

८ मे

भूमिगत भाग. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडारा या जुन्या भुयारी पाणीयोजनेवरून घेतला आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळापासून ते खान्देशाचंच शहर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्याच्या उतारावरून जमिनीखाली झिरपणारं पाणी बोगद्यात धरून शहरात आणलं गेलं. वर एका ओळीत शंभरावर कुंड्या, खाली त्यांना जोडणारा बोगदा, पाणी नुसत्या ढाळावर चालतं.

खेळासाठी यात अडचण अशी की हे भुयार सरळ रेषेत आहे. पुढे जा किंवा मागे या. वळण नसेल तर निर्णय नाही. तीन बोगदे एका मोठ्या कुंडीत मिळतात असं केलं, प्रत्येकाचा ढाळ वेगळा. कुंड्यांमधलं अंतर ६० फूट, खोली ५० ते ८० फूट. प्रत्येक कुंडीतून उजेडाचा एक गोल खाली पडतो. दोन गोलांमध्ये पूर्ण अंधार. जागल्याची ६० फुटांची नजर इथे बरोबर पुरते, बाकीच्यांना दिवा लागतो.

पाणी कधी किती? आश्विनात छतापर्यंत, माघात छातीपर्यंत, वैशाखात गुडघ्यापर्यंत, ज्येष्ठात घोट्यापर्यंत. म्हणजे बोगद्यात माणूस फिरू शकतो तो नेमका बेहिशेबी दोन महिन्यांत. आखाजीपूर्वी पंचायतीचा खेळ, नंतर भुयाराचा. वेगळा नियम लिहावा लागला नाही.

बंद जागेतली हवा: दिवा दोरीला बांधून आधी खाली. विझला तर एक फेरी थांबून वरून सूप हलवायचं, मग पुन्हा. खेळात हे पुरेसं आहे. खऱ्या जुन्या विहिरीत दिवा जळतो म्हणून कोणी उतरू नये, असं नियमपुस्तकात चौकटीत छापायचं. दरवर्षी उन्हाळ्यात विहिरीत गुदमरून माणसं मरतात.

उन्हाचा नियमही आता पक्का. वैशाख-ज्येष्ठात ११ ते ४ चाल बंद, दिवसाची ४ घरं ३ होतात. रात्री चाललं तर ४, पण वाट चुकण्याचा फासा. माणशी रोजचं पाणी ८ ते १० लिटर धरलं. दोन दिवसांचा कोरडा टप्पा म्हणजे माणशी १६ ते २० किलो ओझं नुसतं पाण्याचं. तलवार की पाणी, हा प्रश्न पहिल्याच मुक्कामाला पडतो. पखालीचा रेडा घेतला तर ओझं सुटतं, पण रेडा घळींत उतरत नाही.

१५ मे

अधिक महिना. कोणीतरी विचारणारच होतं, शहाद्याच्या टेबलाने विचारलं.

चैत्र ते आश्विन यांतलाच एखादा बहुतेक वेळा अधिक येतो, साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी. खेळात दर तिसऱ्या वर्षी एक फासा: १ चैत्र, २ वैशाख, ३ ज्येष्ठ, ४ आषाढ, ५ श्रावण, ६ भाद्रपद. आश्विन सोडला, फाशाला सातवी बाजू नाही.

४ ते ६ ला पाऊस आहे, काही बदलत नाही. १ आला तर उसाला आणखी २ मापं, मागणी २२, तुटीची शक्यता ३६ पैकी २६, म्हणजे ७२ टक्के. पण सगळं दोरीवर. २ आला तरी तेच. अधिक महिना निज (त्याच नावाच्या नेहमीच्या) महिन्याच्या आधी येतो आणि आखाजी निज वैशाखात होते, त्यामुळे जादा महिना जुन्या हिशोबातच पडतो. ३ आला तर मात्र बेहिशेबी काळ तीन महिन्यांचा होतो आणि उसाची बेहिशेबी मागणी ४ वरून ६ वर जाते. खऱ्या पंचांगात पुढच्याच वर्षी, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे.

महिना जाहीर कोण करणार? चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यावरून जगात एक गणितमठ घेतला. त्यांच्याकडे सैन्य नाही, जमीन नाही, फक्त 'यंदा अधिक' हे दोन शब्द आहेत. लाच द्यायला सगळे फड तिथेच जातात. शेरा: पानाबाहेरचं, पण पानाशी भांडत नाही.

२७ मे

आयोजकांकडून दोन ओळी: निवडयादी जूनमध्ये. तारीख नाही. चौकशीचं पत्र पुन्हा पाठवायचं नाही. एकदा पाठवलं, उत्तर आलं, पुरे.

दहा पानांची वाटणी आजच करून ठेवली, म्हणजे तीन आठवडे फक्त लिहिण्याला. पान १ झगडा. पान २ आणि ३ पाणी, दोरी, चिंचोके, पूर्ण एका वर्षाच्या हिशोबासकट. पान ४ आखाजी आणि नंतरचे दोन महिने. सगळ्यात जास्त मेहनत इथे. पान ५ वर्ग, पान ६ नकाशा, ७ कुंड्या, ८ लोक आणि बोली, ९ गणितमठ, १० ठपक्याचा प्रसंग खेळायला तयार स्वरूपात. इतिहासाला पान नाही.

पीडीएफची तयारी. मराठी आवृत्ती लिबरऑफिसमधून, मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा फॉन्ट. निर्यात झाल्यावर पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवून तिन्ही रकाने 'होय' आहेत का बघायचं: फॉन्ट आत बसवलाय का, गरजेपुरताच बसवलाय का, युनिकोड नकाशा आहे का. तिसरा नसेल तर पान दिसतं छान, पण शोध लागत नाही आणि मजकूर उचलला की वेलांट्या-रफार भलतीकडे जातात. असलं तरी जोडाक्षरांचा एक परिच्छेद उचलून चिकटवून पाहायचा. नियमांचं छोटं ॲप करायचं ठरलं तर गोडो या खेळ बनवायच्या साधनाची ४ किंवा पुढची आवृत्ती. तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत.

पान ७ वरच्या कुंड्यांच्या छेदात उभं माप आडव्याच्या चौपट घेतलं आहे, नाहीतर बोगद्याचा ढाळ दिसतच नाही. छेदाखाली 'उभं माप ४ पट' असं लिहायचं बाकी आहे. न लिहिल्यास खेळाडू कुंडीची खोली फूटपट्टीने मोजतात आणि ६० फुटांच्या अंतराशेजारी ८० फुटांची कुंडी त्यांना ३२० फुटांची वाटते.